मुहूर्ताचा थेंब

त्या रायफलीतून वैजयंतीला नोकरी मिळणार होती, अण्णा मगदुमांना जिल्हा संघटनेतली खुर्ची, दस्तगीरचाचांना नवी गिऱ्हाइकं आणि मला एक बिल्ला. खंडेनवमीच्या सकाळी ती क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर पहुडली होती. नळीला झेंडूची माळ, लाकडावर हळदीकुंकू. आम्ही चौघं तिच्याभोवती असे उभे होतो की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, बारशाला आलेत.

"कुंकू नळीत जाऊ देऊ नका हां," अण्णा म्हणाले.

"नळीत नाही गेलं. तुमच्या कपाळावरच जास्त झालंय," चाचा म्हणाले.

हवेच्या दाबावर चालणारी स्पर्धेची रायफल ती. दहा मीटरवरून बाजरीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यावर छर्रा मारायचा, हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वीच्या महापुरात नदीकाठच्या एका क्लबाच्या कपाटात ती आठवडाभर पाण्याखाली होती. भंगारात निघाली, ती अण्णांनी उचलली. अण्णांचा कुपवाडला लेथचा कारखाना, आणि आमच्या मिरजेच्या क्लबाचे ते अध्यक्ष. त्यांचा खरा जीव पुढची गोळी आपोआप चढवणाऱ्या रायफलींवर. परदेशी मासिकांतली चित्रं कापून वहीत चिकटवलेली, आणि ती वही उघडली की एरवी कामगारांवर ओरडून बसलेला त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. पण तसल्या बंदुकीला हात लावायला कायदा आडवा. म्हणून बिचारे हवेच्या रायफलीवर भूक भागवत. आतलं सगळं लोखंडकाम त्यांनी नव्यानं केलेलं.

खांद्याला टेकवायचा मूळचा लाकडी दस्ता कुजून गेला होता. नवा केला दस्तगीरचाचांनी. चाचा सतारी करणारे. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारी संपल्या तशी घराण्यानं सतार हातात घेतली. "पाच पिढ्यांनी हत्यार परत घरात आलं," असं म्हणत त्यांनी सतारीच्याच लाकडातून दस्ता कोरला. इतका देखणा की अण्णा विचारायचे, "चाचा, याला तारा कधी लावताय?"

आणि चाप माझा. मार्केटात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, तेव्हा बत्तीस वर्षं झालेली. चापाच्या आत पोलादाचे दोन बारीक दात एकमेकांवर टेकलेले असतात. बोटानं दाबलं की एक निसटतो आणि छर्रा सुटतो. ते दात मी भिंगाखाली महिनाभर घासले होते. "हर्डीकरांचा चाप म्हणजे फुंकर," असं अण्णा पाहुण्यांना सांगायचे, आणि ते सांगत असताना मी दुसरीकडे बघत उभा राहायचो. ऐकू येईल इतक्या अंतरावर.

रायफल चालवायची ती वैजयंती आवटी. सव्वीस वर्षांची, विनाअनुदानित शाळेत चार वर्षं बिनपगारी गणित शिकवणारी. महिन्याभरानं पुण्यात राज्य स्पर्धा होती. पहिल्या तिघींत आली तर खेळाडूंच्या राखीव जागेवर तिला सरकारी नोकरीचा अर्ज करता येणार होता. जाहिरात निघालेली, मुदत डिसेंबरअखेर. पुढची जाहिरात कधी निघेल, ते सांगणारा कुणी भेटला नव्हता. सरावात ती चाळीस छर्ऱ्यांत चारशेपैकी तीनशे त्र्याण्णव, चौऱ्याण्णव मारत होती. इतकं पुरेसं होतं. तिथंच हात जोडून थांबायला हवं होतं आम्ही.

पण खंडेनवमी. हत्यारांचा दिवस. अशा दिवशी कारागिरानं नुसतं फूल वाहून जायचं म्हणजे काहीतरीच. अण्णांनी खिशातून हवेच्या टाकीचं नवं सील काढलं. "मुहूर्तावर बसवतो." चाचांनी गालाखाली येणारा लाकडी तुकडा नव्यानं कोरून आणला होता, तो पितळी स्क्रूंनी आवळला. राहता राहिलो मी. माझ्याकडे बदलायला काही नव्हतं. मग मी खास कप्प्यातली स्विस तेलाची कुपी आणली होती ती उघडली, आणि सुईच्या टोकानं एक थेंब चापाच्या दातांवर ठेवला. घड्याळाच्या प्रत्येक माणकावर ठेवतो तसा.

"मुहूर्ताचा थेंब," मी म्हणालो.

"मामा, आधी चांगली चालत होती की," वैजयंती म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेतून सरावाला आली. तिसाव्यापर्यंत सगळे छर्रे मधोमध. एकतिसावा डावीकडे खाली, साताच्या वर्तुळात. सात म्हणजे क्लबात नव्यानं आलेली माणसं मारतात. तिनं रायफल खाली ठेवली आणि कागदाकडे बघत राहिली.

"मी सोडलाच नव्हता. आपोआप गेला."

"सगळे नेमबाज हेच म्हणतात," अण्णा म्हणाले. "मार पुढचा."

पुढचे पाच दहात. मग पुन्हा आठ.

तिथून आमचे तीन आठवडे सुरू झाले. सकाळी आम्ही तिघं मोकळे, म्हणून तपासणी सकाळी. रायफल व्हाइसमध्ये आवळायची आणि एकामागून एक छर्रे सोडायचे. पन्नासच्या पन्नास एकाच भोकात. आम्ही खूश. दुपारी वैजयंती यायची, शेडचा पत्रा तापलेला असायचा, आणि तीस-पस्तीस छर्ऱ्यांनंतर एखादा असा भरकटायचा की बघवत नसे.

"लाकूड आहे हे," अण्णा म्हणाले. "उन्हानं फुगतंय. चाचा, तुमची सतार बंदूक व्हायला तयार नाही."

"माझ्या सतारी दिल्लीच्या उन्हात वाजतात, अण्णा. सुरातून तसूभर हलत नाहीत. तुमचं सील बघा आधी. रबर आहे ते, पायातली चप्पलसुद्धा दुपारी नरम पडते."

"चप्पल म्हणताय माझ्या सीलला?"

"मी रबराला रबर म्हणालो."

अण्णांनी सील काढून जुनं घातलं. फरक नाही. पण त्याच दिवशी चाचांनी मान राखायला म्हणून गालाचा तुकडाही परत जुना बसवला, तेव्हा कशानं फरक पडला नाही तेही कळेना. मग अण्णांनी हट्टानं नवं सील पुन्हा घातलं. चाचांनी दस्त्याच्या आतून केसभर लाकूड तासलं. अण्णांनी नळी साफ केली, छर्ऱ्यांचे चार डबे बदलले, एकेक छर्रा सोनाराच्या काट्यावर तोलला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे शाळेतलं पोरही सांगेल. वैजयंतीनं सांगितलंही. गणिताचीच बाई ती.

"अण्णा, आज फक्त एकच बदला ना. मग कळेल तरी."

"तू नेमाकडे बघ. मशिनरीचं आम्ही बघतो."

चापाबद्दल पहिल्यांदा चाचांनी विचारलं. हळूच, चहा ओतता ओतता. "हर्डीकर, पोरगी म्हणते आपोआप जातो. एकदा बघा की तुमचं."

"बघितलंय."

"कधी?"

"चाचा, सतारीची जवारी कशी काढायची ते कुणी शिकवायला आलं तर चालेल तुम्हाला?"

चाचांनी पेला माझ्यापुढे ठेवला आणि विषय संपला. मी खरंच बघितलं होतं, सकाळी, गारव्यात, शंभर वेळा नुसता चाप ओढून. एकदाही दगा नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हातचं काम परत आलं नव्हतं, असं मी तेव्हा म्हणायचो. परत आलेली घड्याळं मी धरत नसे.

दुसऱ्या आठवड्यात वैजयंतीचा आकडा तीनशे सत्त्याऐंशीवर आला. तिसऱ्यात ब्याऐंशी. ती बोलेनाशी झाली. रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायची, श्वास अर्धा सोडायची, बोट चापाला लागायच्या आधी थबकायचं, आणि ती सगळं खाली ठेवून पुन्हा सुरुवात करायची. एकदा मला म्हणाली, "मामा, माझ्याच बोटाचा भरवसा वाटत नाही आता. वर्गात खडू धरते तेव्हासुद्धा बघते, थरथरतंय का."

"छे गं. यंत्र आहे, सापडेल दोष."

"आणि यंत्रात नसलाच तर?"

तोवर अण्णाही त्याच वळणावर आले होते. लोखंडात दोष नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, लाकडाला दोष देऊन चाचांशी भांडण ओढवून झालं होतं, आणि चापवाला मी त्यांच्याच शिफारशीनं जिल्हा संघाचा तंत्रज्ञ होणार होतो. उरलं कोण?

"दोष दस्त्याच्या पुढं नाही," ते एका संध्याकाळी म्हणाले. "मागं आहे. खांद्यापलीकडं."

वैजयंती तेव्हा शेडच्या दारात चप्पल घालत होती. ऐकू गेलं तिला. तिनं पट्टा लावला आणि सायकल काढून गेली.

स्पर्धेला सहा दिवस होते. गुरुवारी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर बुधगाव बँकेतले कॅशियर कुलकर्णी बसलेले. हातात घड्याळ. आठ दिवसांपूर्वी मीच साफ करून दिलेलं.

"हर्डीकर, हे पळतंय. दिवसाला दहा मिनिटं पुढं. काल मी बँकेच्या मीटिंगला एकटाच जाऊन बसलो."

"सकाळी पण पळतं?"

"सकाळी बरं असतं. मनगटावर चढलं, दुपार झाली, की सुटतं."

मी झाकण काढलं, भिंग डोळ्याला लावलं. तेल जास्त झालं होतं. अंगाच्या उबेनं ते पातळ होऊन पसरलं होतं आणि केसाएवढ्या स्प्रिंगच्या वेढ्यांना चिकटलं होतं. घड्याळाला घाई सुटली होती. तेलाची कुपी समोरच होती. मी भिंग डोळ्यावरून काढलं.

"काय झालं?" कुलकर्णी म्हणाले.

"काही नाही. उद्या न्या."

क्लबाची किल्ली माझ्याकडे होती. शेडमध्ये कुणी नव्हतं. मी चाप उघडला. दातांवर तो थेंब होता, आता थेंब म्हणावा असा नव्हता, पातळ चकाकी फक्त. मी आरशासारखे घासलेले दात, त्यावर माझं उत्तम तेल, वर तापलेला पत्रा आणि तीस छर्ऱ्यांची हाताची ऊब. बोट टेकायच्या आधीच दात घसरत होता. पोरगी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. शब्द न शब्द खरं.

पेट्रोलच्या ब्रशनं मी दात स्वच्छ केले, फडक्यानं कोरडे केले, चाप बंद केला. पंधरा मिनिटांचं काम. मग आलेल्या आनंदात मला एवढंही वाटलं की आज दुपारी सगळ्यांना सांगून टाकावं आणि चहा पाजावा.

दुपारी अण्णा आधी आले. "आज मीच मारून बघतो," म्हणाले. "एकदाचा सोक्षमोक्ष." अण्णा नेमबाज म्हणून बेताचे, पण हात जड, स्थिर. चाळीस छर्रे, तापल्या पत्र्याखाली. एकही भरकटला नाही. नऊ आणि दहा, दहा आणि नऊ. वैजयंती मागं येऊन उभी राहिली होती. चाचाही.

अण्णांनी कागद ओढून घेतला आणि तिच्यापुढं धरला.

"बघ. तीच रायफल, तीच दुपार. काय कळलं?"

ती कागदाकडं बघत होती. मग रायफलीकडं. मग, मला वाटतं, माझ्याकडं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात अण्णा माझ्याकडं वळले.

"आणि हो हर्डीकर, तुमचं नाव आज पाठवलं. शिक्का मारून. तंत्रज्ञाचा बिल्ला पुण्यातच मिळेल. म्हटलं, असा चाप अख्ख्या जिल्ह्यात कुणाचा नाही."

चाचा म्हणाले, "मुबारक हो."

मी तोंड मिटलं. स्पर्धा झाली की सांगू, असं ठरवलं. आता सांगून तिचं चित्त कशाला विचलित करायचं, हेही ठरवलं. माणूस स्वतःशी बोलताना किती समंजस होतो ते तेव्हा कळलं मला. रायफल तर दुरुस्त झाली होती. तिला चांगली रायफल मिळाली म्हणजे झालं.

अण्णांनी तिला बसवून घेतलं. "घाई करतेस तू. खात्री झाल्याशिवाय बोट लावायचं नाही. शंका आली, खाली ठेव. परत उचल. समजलं?"

"हो अण्णा."

"काय समजलं?"

"शंका आली की खाली ठेवायची."

उरलेले दिवस तिनं तसाच सराव केला. पुण्याला स्पर्धेच्या सकाळी मला बिल्ला मिळाला. कापडी, निळा, त्यावर सोनेरी दोऱ्यानं दोन रायफली. बायकोनं निघतानाच विचारलं होतं, बिल्ला लावायला कोट कुठाय, म्हणून मी तो शर्टाच्या खिशावर टाचणीनं लावला आणि नेमबाजांच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. चाळीस छर्रे, सव्वा तास वेळ.

पहिला छर्रा दहात. दुसरा दहात. अण्णांनी माझ्या मांडीवर थाप मारली. तिसऱ्याला तिनं रायफल उचलली, गाल टेकवला, थांबली, खाली ठेवली. उचलली, थांबली, खाली ठेवली. तिसऱ्यांदा उचलून मारला. दहा.

"छान," अण्णा कुजबुजले. "ऐकतेय."

घड्याळजी माणूस, मी वेळ बघत होतो. अर्ध्या तासाला तेरा छर्रे. तिच्या शेजारच्या मुलीचे चोवीस झाले होते. पंचावन्न मिनिटांना सव्वीस. रायफल वर जात होती आणि खाली येत होती, वर जात होती आणि खाली येत होती, आणि दर वेळी बोट चापापाशी जाऊन तापल्या तव्याला लागल्यासारखं मागं यायचं. सुटलेला प्रत्येक छर्रा मात्र मधोमध.

"अण्णा, वेळ," मी म्हणालो.

"मागून बोलता येत नाही. नियम आहे."

शेवटच्या दहा मिनिटांत तिनं सात मारले. शेवटच्या एका मिनिटात एकही नाही. रायफल खांद्याला होती, बोट चापाजवळ होतं, आणि शिट्टी झाली. तिच्या डबीत दोन छर्रे शिल्लक होते.

अडतीस छर्ऱ्यांत तीनशे पंच्याहत्तर. तिसऱ्या आलेल्या मुलीचे चाळिसांत तीनशे एक्क्याण्णव. उरलेल्या दोनांत एक आठ आणि एक नऊ मारला असता तरी ती तिसरी होती. डोळे झाकून मारले असते तरी तिचे तेवढे लागले असते.

"हात कच्चा नव्हता," अण्णा बाहेर पेटी बंद करताना म्हणाले. "मन कच्चं."

"लाकडानं साथ दिली पण," चाचा म्हणाले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण ते गाडीशी जाऊन उभे राहिले.

परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या अलीकडं चहाला थांबलो. अण्णा आणि चाचा टपरीवर लाकूड की लोखंड यावर पुन्हा लागले होते. रायफल चांगली चालली, एवढ्यावर आता दोघांचं एकमत होतं. श्रेय कुणाचं यावर नव्हतं. वैजयंती गाडीच्या पायरीवर बसली होती. मी तिचा चहा नेऊन दिला.

"मामा, एक विचारू?"

"विचार की."

"त्या गुरुवारी, अण्णांनी मारून दाखवलं ना, त्या दिवशी रायफलीला गाल लावला तर पेट्रोलचा वास येत होता. काय काढलंत तुम्ही?"

माझा चहा हातात गरम होता. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, तो जाईपर्यंत मला वेळ मिळाला. पुरेसा होता.

"काही नाही गं. धूळ होती."

तिनं मान हलवली.

"मला वाटलं, तुम्ही काहीतरी बदललंय आणि मला सांगायचं टाळताय. काय ते कळेना. म्हणून दर वेळी वाटायचं, आता जाईल, आता आपोआप जाईल." तिनं चहाचा घोट घेतला. "नुसती धूळ असेल तर मग मीच."

बोललो असतो तर एक वाक्य होतं. गुरुवारीही तेवढंच होतं.

तिनं खिशातून डबी काढली, दोन छर्रे माझ्या तळहातावर ठेवले. "क्लबाचे आहेत. जमा करा."

पुढच्या वर्षी अण्णा जिल्हा संघटनेचे कार्याध्यक्ष झाले. महापुरातून उठवलेल्या रायफलीची गोष्ट त्यांनी सत्काराच्या भाषणात सांगितली, वैजयंतीचं नाव न घेता. चाचांना सोलापूर आणि बेळगावहून दस्त्यांची कामं आली. त्यांची नात आता फक्त दस्तेच करते. माझा बिल्ला तीनदा दिल्लीला जाऊन आला आणि सध्या दुकानात काचेमागं लावलेला आहे. वैजयंतीनं त्यानंतर रायफल धरली नाही. आणखी सहा वर्षं बिनपगारी गणित शिकवलं, मग ती शाळाच बंद पडली. दोन छर्रे मी क्लबात जमा केले नाहीत. ते तेलाच्या कुपीशेजारी खास कप्प्यात आहेत. रायफल आम्ही तिघांनी बांधली, ज्याला जे हवं होतं ते तिघांनाही मिळालं, आणि त्याची भरपाई तिनं एकटीनं केली. कशाची केली, ते तिला अजून माहीत नाही.